उजेडाची तहसील

परमेश्वराने पृथ्वीवर प्रकाशाचे वाटप केले त्या वेळी नागपूरचा हिस्सा लिहिताना त्याच्या कारकुनाने एखादे शून्य जास्त ओढले असावे, असा संशय या शहरात एक उन्हाळा काढलेल्या कोणत्याही विचारी मनुष्याला आल्यावाचून राहत नाही. मार्चच्या अखेरीस जे ऊन सीताबर्डीच्या किल्ल्यावर चढते ते मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत खाली उतरण्याचे नाव घेत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकतो. आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा ऐन भरात असताना, सूर्य दुपारी शब्दशः डोक्यावर येऊन मनुष्याची सावलीसुद्धा त्याच्याच पायाखाली जप्त करून ठेवतो. अशा या प्रकाशसंपन्न प्रांतात राहणारा एखादा प्रतिष्ठित गृहस्थ, केवळ अधिक उजेड आत घेता यावा या एकमेव हेतूने, निवृत्तिवेतनाचा भलामोठा हिस्सा मोजून एफ १.४ चे भिंग विकत घेतो, तेव्हा त्याच्या कृत्याला शौक म्हणावे की परोपकार, याचा निर्णय करणे कठीण होऊन बसते.

आमचे एक शेजारी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून सेवानिवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर मनुष्याला जे दोन विकार जडण्याचा विशेष संभव असतो, म्हणजे होमिओपॅथी आणि छायाचित्रण, त्यांपैकी दुसरा त्यांना जडला. साहेबांची खुबी अशी की त्यांनी कॅमेऱ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका कलमवार वाचली, समासात शेरे लिहिले आणि शेवटी असा निष्कर्ष काढला, की कॅमेरा म्हणजे एक कचेरी असून तीत तीन अंमलदार बसतात. पहिला अंमलदार ॲपर्चर: तो दरवाजा किती उघडायचा ते ठरवतो. दुसरा शटर: तो दरवाजा किती मुदत उघडा ठेवायचा ते ठरवतो. तिसरा आयएसओ, त्याच्याकडे तगाईचे खाते आहे. पहिल्या दोघांकडून पुरेसा उजेड जमा झाला नाही की हा कर्ज देतो, आणि कर्जाचे व्याज म्हणून चित्रात रवाळ ठिपके भरून घेतो. शंभरावर तो निर्व्याजी असतो, ३२०० च्या पुढे मात्र सावकारासारखा वागू लागतो. तिघांचा ताळेबंद जुळला पाहिजे, एवढीच वरिष्ठांची अट. एकाने एक पायरी सोडली तर दुसऱ्याने तेवढीच भरून काढावी.

आता ॲपर्चरच्या आकड्यांची उतरंड, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी, शिकलेल्या माणसालाही प्रथमदर्शनी चक्रावून टाकते. कारण एक तर हे आकडे कोणत्याही पाढ्यात सापडत नाहीत, आणि दुसरे म्हणजे आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, असा त्यांचा उफराटा व्यवहार. पहिल्या कोड्याचा उलगडा भूमितीत आहे: छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरते, म्हणून प्रकाश निम्मा करायचा तर व्यास दोनाच्या वर्गमुळाने भागावा लागतो, आणि त्या भागाकारातून हे विचित्र अपूर्णांक निपजतात. दुसऱ्या कोड्याचा उलगडा साहेबांना कोणी करून द्यावा लागला नाही. ज्याने उभी हयात सरकारी नोकरीत घालवली त्याला हे उपजतच ठाऊक असते, की वर्ग एकचा अंमलदार आला म्हणजे सारे दरवाजे सताड उघडतात आणि वर्ग चारचा आला म्हणजे फटीतून विचारपूस होते.

हे सारे ज्ञान पदरी असताना साहेबांनी ते एफ १.४ चे भिंग घ्यावे, हे विधिलिखितच म्हणायचे. सीताबर्डीच्या दुकानातला पोरगा वास्तविक प्रामाणिक होता. तो म्हणाला, "काका, एवढा मोठा लेन्स घेऊन काय करून राहिले जी? ऊन तर आपल्या इकडं फुकटच भेटते." परंतु ज्या मनुष्याने आयुष्यभर अर्जदारांचे म्हणणे ऐकून घेऊन उलट हुकूम दिला, तो दुकानदाराचे ऐकून सुलट हुकूम कसा देणार?

त्या पोराच्या म्हणण्यात मात्र गणित होते. फिल्मच्या डबीत पूर्वी जो घडी केलेला कागद येत असे, त्यावरच्या तक्त्याचे सार असे, की स्वच्छ ऊन असेल तर ॲपर्चर १६ वर ठेवावे आणि शटरला आयएसओच्या आकड्याचा वेग द्यावा. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. हा नियम ज्या कोणी बसवला त्याच्या डोळ्यांपुढे नागपूर खासच नसणार, तरी तो येथे लागू पडतो. आता १६ पासून १.४ पर्यंत दरवाजा उघडत आले म्हणजे सात पायऱ्या होतात, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट, म्हणजे एकंदर १२८ पट. तो ताळेबंद जुळवायचा तर शटरला सेकंदाच्या सुमारे १२,८०० व्या भागात दरवाजा लावून घ्यावा लागेल. आणि साहेबांच्या कॅमेऱ्याचे यांत्रिक शटर १/४००० च्या पुढे धावण्यास नम्रपणे असमर्थता व्यक्त करते. तात्पर्य, अत्यंत महागडे असे ते भिंग नागपूरच्या दुपारी पुरते उघडताच येत नाही. त्यावर तोडगा म्हणून साहेबांनी भिंगापुढे बसवायची एक काळपट काच आणली. उजेड आत घेण्यासाठी एक काच आणि आलेला उजेड बाहेर ठेवण्यासाठी दुसरी काच, असा दुहेरी खर्च मंजूर करणारा अंमलदार मी तरी शासकीय सेवेबाहेर पाहिला नव्हता.

आमच्या वडिलांच्या पिढीला ही विवंचना नव्हती. त्यांच्या अगफा क्लिक थ्री या डब्याने फक्त एकच प्रश्न विचारावा, ऊन आहे की ढग. उत्तर द्यावे, चाप ओढावा. आणि एका रोलात १२ फोटो निघत असल्यामुळे तेरावा मनुष्य चौकटीत शिरू लागला तर त्याला वडीलधाऱ्यांनी हाताला धरून बाजूला करावे. फोटो काढण्यापूर्वी विचार करण्याची जी सवय त्या बारांच्या मर्यादेने लावली होती, ती हजारो चित्रे मावणाऱ्या कार्डाने मोडीत काढली. पण हे रडगाणे प्रत्येक पिढी आपल्या पुढच्या पिढीसाठी गातच असते, तेव्हा ते येथेच आवरतो.

कॅमेऱ्याच्या कचेरीत या तिघांखेरीज आणखी एक इसम बसलेला असतो आणि खरा घोटाळा तोच करतो. हा प्रकाशमापक. याची समजूत अशी, की सृष्टीतील यच्चयावत वस्तूंची सरासरी काढली तर ती करड्या रंगाची निघते, आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत करणाऱ्या करड्या रंगाची. आणि ज्या वस्तू तशा नाहीत त्या तशा करून घेणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणजे याला पांढरे दाखवले तर तो त्यावर उजेडाची कपात लावतो, काळे दाखवले तर सढळ हाताने उजेड देतो, आणि दोघांनाही मध्यम प्रतीच्या करडेपणावर आणून सोडतो. सर्वांना समान वागणूक दिल्याच्या समाधानात तो रात्री सुखाने झोपत असेल.

नागपुरात या प्रकाशमापकाची परीक्षा पाहणारे दोन प्रसंग दरवर्षी येतात. पहिला भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. त्या दिवशी एकीकडे घरोघरची चिल्लीपिल्ली लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा साजरा करतात आणि दुसरीकडे जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. गेल्या वर्षातली सारी पीडा, रोगराई आणि महागाई आपल्याबरोबर घेऊन जाण्याची तिला सामुदायिक विनंती होते, आणि तिच्यामागून येणारे बडगे त्या वर्षी लोकांच्या रोषाला पात्र ठरलेल्या पुढाऱ्यांचे, रोगांचे वा घोटाळ्यांचे रूप घेऊन येतात. महाल-इतवारीच्या त्या बोळांत, गर्दीच्या खांद्यांवरून, साहेबांनी काळ्या मारबतीवर कॅमेरा रोखला आणि प्रकाशमापकाने तिला तत्काळ राखाडी करून टाकली. ज्या मूर्तीचा काळेपणा हाच तिचा अधिकार, आणि ज्या काळेपणापुढे एकोणिसाव्या शतकापासून हे शहर आपल्या तक्रारी गुदरत आले आहे, ती मूर्ती साहेबांच्या चित्रात नुकताच भात उतू गेलेल्या चुलीसारखी दिसत होती. याला उपाय आहे आणि तो एका बटणावर आहे. त्या बटणावर अधिक आणि उणे अशी दोन चिन्हे असतात. काळ्या वस्तूसमोर उणे एक करावे, म्हणजे मापकाने उधळलेला उजेड परत घेतला जातो.

दुसरा प्रसंग दसऱ्याचा, दीक्षाभूमीवरचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह जेथे धम्मदीक्षा घेतली, तेथे आजही त्या दिवशी शुभ्र वस्त्रांचा सागर लोटतो आणि मध्ये २००१ साली लोकांसाठी खुला झालेला स्तूपाचा विशाल घुमट उभा असतो. पांढरी वस्त्रे, पांढरा घुमट आणि वर ऑक्टोबरचे ऊन, एवढे शुभ्र एकत्र दिसल्यावर मापकाचा धीर सुटतो, आणि इतक्या उजेडाचा कुठेतरी अपहार होत असावा अशा संशयाने तो सगळ्यालाच मळकट करतो. येथे अधिक एक, प्रसंगी त्याहूनही थोडे जास्त करावे लागते. आधीच लखलखणाऱ्या दृश्यात आणखी उजेड ओतायचा, ही गोष्ट साहेबांच्या बुद्धीला पटेना. अखेर त्यांनी ती अशी समजून घेतली, की कनिष्ठाने टिपण चुकीचे लिहिले म्हणून वरिष्ठाने आपली सही रोखायची नसते, टिपणावर शेरा मारून निर्णय फिरवायचा असतो. तेव्हापासून त्यांच्या चित्रातली माणसे स्वच्छ कपड्यांत दिसू लागली, हे मी कबूल करतो.

भिंगांच्या निवडीचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण त्यात नातेवाईक येतात.

साहेबांच्या पुतणीचे लग्न मे महिन्यात, वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये झाले. तेथे त्यांनी ८५ मिलिमीटरचे भिंग नेले होते, आणि ८५ हे माणसाचा चेहरा टिपण्यास उत्तम, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. परंतु पुतणीच्या सासूबाईंचा फोटो दीड मीटर अंतरावरून आणि ॲपर्चर १.८ वर काढला, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर भरते. एवढ्या खोलीत मनुष्याचे नाक येते किंवा डोळे येतात. दोन्ही येत नाहीत. साहेबांच्या चित्रात नाक आले. वरमाईची नथ अशी झळकली की तिचा एकेक मोती मोजून घ्यावा, आणि वरमाई स्वतः मात्र तिच्यामागे धुक्यात विलीन झाली. पुढे सहकुटुंब फोटोच्या वेळी त्यांनी तेच १.८ कायम ठेवले, दोन रांगा उभ्या केल्या आणि पहिल्या रांगेवर नजर स्थिर केली. परिणामी दुसऱ्या रांगेतील मुलीकडचे सर्व ज्येष्ठ पुरुष अनोळखी इसम म्हणून नोंदले गेले. दोन रांगांसाठी दरवाजा आठपर्यंत लोटून घ्यावा, एवढे एक कलम पाळले असते तर दोन घराण्यांतला पत्रव्यवहार थंडावला नसता.

जावयाचे प्रकरण निराळे. त्याचा फोटो साहेबांनी रुंद भिंगाने, अगदी हातभर अंतरावर जाऊन काढला, आणि नाक चेहऱ्याच्या पुढे दोन मुक्काम आधीच पोहोचले. दोष लोक भिंगाला देतात. वस्तुतः तो अंतराचा असतो. अगदी जवळ गेले की नाक आणि कान यांच्या अंतरांतला फरक प्रमाणाने मोठा होतो आणि जवळची वस्तू अवास्तव फुगते. दोन-तीन मीटर मागे सरून लांब भिंग लावले की तोच जावई सुस्वरूप होतो. नव्या जावयापासून आदराने चार पावले दूर उभे राहण्याची जी रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे, तिला प्रकाशशास्त्राचाही पाठिंबा आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

त्याच लॉनमध्ये रात्री आणखी एक चमत्कार झाला. साहेबांनी शटर १/१००० वर ठेवून वरात टिपली, तर प्रत्येक चित्रावर आडवे काळे पट्टे उमटले. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो, म्हणून तेथल्या स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा मंदावत-तेजाळत असतात. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळते. शटर १/१०० किंवा १/५० वर आणले की पट्टे जातात, आणि नाचणारे वऱ्हाडी थोडे पुसट येतात. पण वरातीत नाचणाऱ्या काकांचे पुसट येणे हे सर्वांच्याच हिताचे असते. रंगांचे म्हणाल तर पिवळ्या मांडवाखाली, पिवळ्या दिव्यांत, हळद लागलेली नवरी गोरी दिसावी अशी अपेक्षा ठेवून व्हाइट बॅलन्सशी भांडण्यात अर्थ नाही.

दादासाहेब फाळके यांनी चित्रपटांच्या फार आधी बडोद्यास छायाचित्रांचा व्यवसाय मांडला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी वदंता पसरून गिऱ्हाईक येईनासे झाले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आपण या भाबडेपणाला हसतो. परंतु नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, हिरवळीवर, भरजरी शालू आणि शेरवानी अशा वेषात अर्धा तास उभे राहून, "आणखी एकच घेतो" हे वाक्य ज्यांनी वारंवार ऐकले आहे, त्यांना बडोदेकरांचे म्हणणे अगदीच निराधार वाटणार नाही.

याच फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास एका मटाराच्या वेलाची वाढ, दिवसचे दिवस एकेक चित्र घेत, पडद्यावर दाखवण्यासाठी टिपली. आमच्या साहेबांचा कॅमेरा सेकंदाला २० चित्रे घेतो, आणि ती सर्व झुडपाची असतात. हे ताडोब्याला घडले. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे अरण्य नागपुराहून मोटारीने तीनेक तासांवर, आणि त्याच्या मोहर्ली दरवाजावर पहाटे लागणारी जिप्सींची रांग पाहिली तर येथे वाघांचे अभयारण्य आहे की भिंगांचे प्रदर्शन, असा प्रश्न पडावा. तेथे मनुष्याची पत मिलिमीटरवर ठरते. ३०० वाला ६०० वाल्याकडे अशा नजरेने पाहतो, जशी पटवाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याच्या मोटारीकडे पाहावी. आणि १८-५५ घेऊन आलेला गृहस्थ आपला कॅमेरा टॉवेलाखाली झाकून ठेवतो.

साहेबांनी १५० ते ६०० चे भिंग भाड्याने आणले होते. तिपाई जिप्सीत लावता येत नाही, म्हणून तांदूळ भरलेली पिशवी कठड्यावर ठेवून त्यावर ते दोन किलोंचे धूड त्यांनी टेकवले. हात हलून चित्र बिघडू नये म्हणून ६०० च्या भिंगाला निदान १/६०० चा वेग द्यावा, हेही त्यांना पाठ होते. पहाटेच्या अंधुक उजेडात एवढ्या वेगासाठी तगाई ३२०० ची काढावी लागली, तीही त्यांनी निधड्या छातीने काढली. मग वाघ आला. तो रस्त्याच्या कडेने आला आणि दहा मीटरवर उभा राहिला.

आता ६०० मिलिमीटरच्या भिंगाची दृष्टी जेमतेम साडेतीन अंशांची. दहा मीटरवर तिच्यात ६० सेंटिमीटर रुंदीचा देखावा मावतो. आणि साहेबांच्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्यामुळे तोही आक्रसून ४० सेंटिमीटरवर आला. नाकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ तीन मीटर भरणाऱ्या प्राण्याचा पंचनामा ४० सेंटिमीटरच्या तुकड्यांनी करायचा, तर तो प्राणी सरकारी मोजणीला लागतात तितके दिवस जागेवर थांबला पाहिजे. भिंग फिरवून १५० वर आणावे तोवर वाघ झुडपात दिसेनासा झाला आणि कॅमेऱ्याने सेकंदाला २० या दराने त्या झुडपाची नोंद घेतली. हाती लागलेल्या एका चित्रात तीन काळे पट्टे आहेत. ते वाघाचे आहेत, हे साहेब प्रत्येक पाहुण्याला शपथेवर सांगतात. मागच्या बाकावरच्या गृहस्थाने टॉवेलाखालून १८-५५ काढले होते. त्याच्या चित्रात वाघ, रस्ता, समोरची जिप्सी आणि भिंगाशी झटणारे साहेब, असे सर्वच आले.

याची भरपाई म्हणून की काय, फुटाळ्याच्या सूर्यास्ताला त्यांनी लहान भिंग नेले. तेलंगखेडीच्या त्या काठावर संध्याकाळी निम्मे नागपूर मक्याची कणसे खात उभे असते, आणि समोर सूर्य परातीएवढा होऊन पाण्याकडे उतरतो. चित्रात मात्र तो टिकलीएवढाही भरला नाही. हिशेब सोपा आहे: सूर्याच्या प्रतिमेचा व्यास म्हणजे भिंगाचे मिलिमीटर भागिले सुमारे ११०. ६०० च्या भिंगात तो साडेपाच मिलिमीटर भरतो, १८ च्या भिंगात मिलिमीटरचा जेमतेम सहावा हिस्सा. म्हणजे वाघाला लहान भिंग आणि सूर्याला मोठे, अशी व्यवस्था हवी होती आणि साहेबांनी नेमकी अदलाबदल केली. (मोठ्या भिंगातून सूर्याकडे डोळ्याने पाहू नये, तो बुडता असला तरी, डोळ्याला भरपाई देणारे खाते अद्याप निघालेले नाही.)

इतक्या अनुभवानंतर साहेबांनी आपले धोरण बदलले असून हल्ली ते फक्त पावसाळ्यात बाहेर पडतात. ते एका अर्थी शहाणपणाचे आहे. आषाढातले ढग सगळ्या शहरावर एकसारखा मवाळ उजेड पसरतात, डोळ्यांखालच्या सावल्या जातात, आणि अंबाझरीच्या बांधावर उभा असलेला कोणीही मनुष्य त्या दिवसांत आहे त्याहून बरा दिसतो. ५० चे एक साधे भिंग लावून ते निघतात. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तो याच लांबीचे भिंग घेऊन आला आणि जगातील पुष्कळशी चांगली चित्रे तेवढ्यावर निघाली, हे त्यांनी कोठेतरी वाचले आहे. साहेबांची चित्रेही अलीकडे सुधारली आहेत, असे त्यांच्या सौभाग्यवती सोडून सगळे म्हणतात.

सौभाग्यवतींची तक्रार चित्रांबद्दल नाही. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने भिंगाच्या आत बुरशी धरते आणि एकदा धरली की दुरुस्तीचा खर्च नव्या भिंगाशी स्पर्धा करतो. म्हणून भिंगे हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, असा नियम आहे. नियमाची अंमलबजावणी करताना साहेबांनी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यावर जप्ती आणली, आणि त्यातील उन्हाळाभर वाळवलेल्या कुरड्या, सरगुंडे आणि मुगाच्या वड्या वर्तमानपत्राच्या कागदावर बेदखल केल्या. कुरड्या सादळल्या. बाईंनी अपील केले, ते थोरल्या चिरंजीवांपुढे पुण्यास फोनवरून चालले, आणि तूर्त असा तहनामा झाला आहे, की डब्याच्या तळाशी भिंगे राहतील, वर सुती कापड राहील, आणि कापडावर उरलेल्या वड्या. १.४ च्या त्या भिंगाला हल्ली हिंगाचा मंद वास येतो, पण ते उघडण्याची वेळच येत नसल्यामुळे चित्रांवर त्याचा काही परिणाम दिसलेला नाही.